चांगोकाकांच्या अंगावरची रेघ

पोशीरमध्ये चांगोकाकांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि काकांनी ज्याला गेटवर अडवलं नाही असाही नाही. गावाच्या टोकाला मुंबईच्या हर्षदशेठचं फार्महाऊस आहे. गेली अकरा वर्षं काका तिथले राखणदार आहेत. राखणदार हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. ते स्वतःला मॅनेजर म्हणवतात, आणि शेठ मुंबईत असले की त्यांच्या चालण्यातून मॅनेजरच्याही वरची पायरी दिसायला लागते.

गेटवर एक नोंदवही आहे. नाव, कुठून आले, काय काम, आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, सही. काकांचा सख्खा मेहुणा एकदा कोयता मागायला आला, तर त्यालाही ती भरायला लावली. काम या रकान्यात त्याने रागाने 'बहिणीचा नवरा बघणे' असं लिहिलं, ते अजून आहे. मी नेरळला दवाखाना चालवते आणि पोशीरचीच लेक आहे. काकांनी मला फ्रॉकमध्ये नाक पुसताना पाहिलंय. तरीही शेठच्या आईंचं ब्लडप्रेशर बघायला गेले, की वही माझ्यासमोर येतेच. एकदा कंटाळून 'कुठून आले' या रकान्यात मी 'तुम्हाला माहीत आहे' असं लिहिलं. काकांनी ते वाचलं, खोडलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं.

"नियम सगल्यांना सारका, नम्रता. नीट लिव."

दवाखान्यात मी डॉक्टर असते, गेटवर नम्रता. हा नियम मात्र कुठल्याच वहीत नाही.

फार्महाऊस जिथं उभं आहे, तिथं पूर्वी काकांच्या घरचं खळं होतं. भाताची झोडणी तिथं व्हायची, आणि आम्ही पोरं पेंढ्यात उड्या मारून शिव्या खायचो. जमीन विकायला कुणी त्यांच्यावर बळजबरी केली नव्हती. मुलाचं घर झालं, मुलीचं लग्न झालं आणि काकांना त्याच जागेवर नोकरी लागली. त्याबद्दल ते कधी काही बोलत नाहीत, आणि आपण विचारलं तर नोंदवहीची पानं चाळत बसतात.

खळ्याच्या जागी आता शेठनी एक गोल टब बांधलाय. आत गरम पाणी असतं, बटण दाबलं की खालून फेस उसळतो, आणि आठ माणसं पाय पसरून बसू शकतात. शेठ त्याला जकुझी म्हणतात, काका बुडबुड्यांचा हौद म्हणतात. हौदाशेजारी पाटी आहे, 'उतरण्यापूर्वी अंघोळ करावी', आणि काका ती प्रत्येक पाहुण्याला मोठ्यांदा वाचून दाखवतात. पाहुणे शिकलेले असतात, पण काका धोका पत्करत नाहीत.

आता मी जे सांगणार आहे ते पेशंटचं गुपित आहे असं कुणी म्हणू नये. काका स्वतःच हल्ली हा किस्सा चारचौघांत सांगतात. फक्त ते सांगतात त्यात माझा वाटा फार कमी असतो, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी दुपारी मी दवाखाना बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात सोनुबाईकाकी आल्या. चांगोकाकांची बायको. पदराने कपाळ पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडं बाया आल्यात."

आमच्याकडे कांजण्यांना बाया म्हणतात. देवी घरी आली, असं मानतात. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद, मटण बंद, आणि ज्याच्या अंगात बाया आल्या त्याला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत.

"कुणाला? नातवाला?"

"नाय. यांना."

अठ्ठावन्नाव्या वर्षी चांगोकाकांना बाया. मी पेन खाली ठेवलं.

"भागूबाईनं बघितलं काल. पाठ बघितली आनि हातच जोडलेन. शेठना फोन केला, तर त्ये म्हनाले डॉक्टरची चिठ्ठी पायजे. उद्या त्यांच्या आईचा वाडदिवस हाय, लहान पोरंसोरं येनार. कांजन्या असतील तर काकांना अजिबात येऊ देऊ नका, आमीच येऊन सगलं चालू करू, असं म्हनाले. तर तू येऊन बघ आनि चिठ्ठी दे. यांना तर घराबाहेर काढता येत नाय."

वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला एक गोष्ट कळली आहे. आमचा पेशंट आजार घेऊन येत नाही, निदान घेऊन येतो. मांडीला केसतोड झालं, की ती उष्णता असते. ती कशानं, तर परवा कोंबडी खाल्ली. केसतोड म्हणजे केसाच्या मुळाशी सुजलेली, पू धरलेली पुळी, तिचा कोंबडीशी काही संबंध नसतो. घट्ट जीन्स, भोथर्‍या वस्तऱ्याची दाढी, घामट अंगावर चोपडलेलं तेल, एकमेकांचे टॉवेल, यांच्याशी असतो. मी हे सांगते, ते मान डोलावतात आणि जाताना विचारतात, "मंग कोंबडी कवापासून खाऊ?" त्यामुळे भागूबाईंच्या निदानावर मी तिथल्या तिथं वाद घातला नाही. काकींना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले.

काकांच्या दाराला एवढा लिंब लावला होता की दार शोधावं लागलं. आत चांगोकाका पांढर्‍या चादरीवर लिंबाचा पाला पसरून त्यावर बसले होते. समोर नारळ, हळदकुंकू, उदबत्ती. भागूबाई, म्हणजे आळीतली सगळ्यात वयस्कर आणि सगळ्या आजारांतली जाणकार बाई, त्यांना पाल्याने वारा घालत होती. शेजारच्या दोघी येऊन पाया पडून गेल्या.

"माय, शांत हो गं," एक म्हणाली.

चांगोकाकांनी, ज्यांनी तिला मागच्याच महिन्यात गेटवरून सही नाही म्हणून परत पाठवलं होतं, हात वर करून आशीर्वाद दिला. चेहरा मात्र जप्ती आल्यासारखा.

"काका, दाखवा बघू."

त्यांनी बाहीचं बटण काढून दंड दाखवला. दंडावर तीनचार पुळ्या. मी म्हटलं, शर्ट काढा. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, का. ते म्हणाले, "बायामानसासमोर?" मी म्हटलं, सध्या तुम्हीच बाया आहात. भागूबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवीत चष्मा शोधायला लागले.

शेवटी शर्ट निघाला. मी चष्मा लावला आणि जवळ गेले.

कांजण्या अशा नसतात. कांजण्या चेहर्‍यावर येतात, केसांत येतात, कुठेही येतात, त्यांना नियम नसतो. काकांच्या अंगावर मात्र नियम होता. पाठ, पोट, कुशी, सगळीकडे लालसर पुळ्या, प्रत्येकीच्या मधोमध एक केस, काहींच्या टोकाला पिवळा ठिपका. कमरेला चड्डीची नाडी बसते तिथं तर दाटीच. तिथली एक काकांनी पिळली होती, ती सुपारीएवढी सुजून तापली होती. पण छातीवर, काखेच्या थोडं वर, सगळं एकदम थांबत होतं. डावीकडून उजवीकडे सरळ रेघ, दोरी लावून आखावी तशी. तिच्या वर गळा स्वच्छ, चेहरा स्वच्छ. आणि दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत स्वच्छ.

पुरानंतर भिंतीवर पाण्याची खूण राहते, ती मी लहानपणापासून बघत आले आहे. माणसावर पहिल्यांदा बघत होते.

"काकी," मी म्हटलं, "चहा टाका ना. चहाला फोडणी लागत नाही. आणि भागूआजी, एवढा पाला पुरणार नाही, अजून आणता?"

दोघी उठल्या. मी काकांच्या कानाशी वाकले.

"कधी बसलात?"

"कशात?"

"बुडबुड्यांच्या हौदात."

काका लिंबाच्या पाल्यापेक्षा हिरवे झाले. "कोन बोल्ला?"

"तुमचं अंग बोललं. पाणी इथवर होतं," मी रेघेवर बोट धरलं. "आणि दोन्ही हात तुम्ही बाहेर कठड्यावर ठेवले होते. हातात काय होतं?"

काकांनी दोन्ही हात पाल्याखाली सरकवले. मग अगदी बारीक आवाजात, "चाय."

नियमांचा पुतळा पुढची दोन मिनिटं माझ्याकडे न बघता बोलत राहिला. भाताच्या भार्‍यांनी दिवाळीपासून कंबर धरली होती. मंगळवारी पहाटे थंडी मरणाची. त्या आठवड्यात पाहुणे नव्हते. काकांनी हीटर चालतो का बघायला म्हणून चालू केला. पाणी गरम झालं. मग बुडबुडे चालतात का बघायला बटण दाबलं. मग म्हटलं, पाणी नीट गरम झालंय का, हे हातानं कसं कळणार.

"आणि अंघोळ?" मी विचारलं. "उतरण्यापूर्वी?"

"थंडी लय व्हती," काका म्हणाले.

मला हसू आवरेना. पण ते म्हणाले, "हसू नको गं पोरी. अकरा वर्सांत एक डाव बसलो. आनि बसलो तवा मला वाटलं, ही जागा तर…" एवढं बोलून ते पाल्याची काडी मोडत बसले. मी हसायची थांबले.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. नीट पावडर टाकलेल्या पाण्यात बसून असं होत नाही. मी विचारलं, हौदात क्लोरीनची पावडर किती टाकता? ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते, तसलीच ती. तर काका आणखी खाली बघायला लागले.

झालं होतं असं. पाहुणे गेले की पाणी सोडून द्यायचं, हौद घासायचा, नवीन भरायचं, असं शेठनी सांगितलेलं. पण उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी काकींना ओढ्यापर्यंत जाताना ज्यांनी बघितलंय, त्यांच्याने एवढं पाणी गटारात सोडवत नाही. काकांनी भिंतीला भोक पाडून नळी घातली आणि पाणी पलीकडे काकींच्या वालाच्या वाफ्यांत नेलं. पहिल्याच वेळी पावडरीने वालाची पानं करपली. काकींनी दोन दिवस अबोला धरला. पोपटी, म्हणजे थंडीतला वालाच्या शेंगा भाजायचा बेत, तोंडावर आलेली, मडक्यात भाजायला घरचा वाल नसेल तर जगून काय उपयोग. मग काकांनी पावडर निम्मी केली. वाल तरारला, तेव्हा निम्म्याची पाव केली. आणि पाव पावडरीत पाणी स्वच्छच दिसतंय, म्हणून तेच पाणी पंधरा पंधरा दिवस ठेवायला लागले. वाल असा आला होता की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे.

"पाणी स्वच्छ दिसतं, काका, पण कोमट पाण्यात औषध नसलं की जंतू वाढतात. डोळ्यांना दिसत नाहीत. आपला प्रत्येक केस एका बारीक खड्ड्यात उभा असतो, रोप चिखलात असतं तसा. गरम पाण्यात अंग मऊ होतं आणि जंतू त्या खड्ड्यात उतरतात. चड्डीखाली ते पाणी दाबून बसतं, म्हणून कमरेला जास्त. ही केसतोडंच आहेत, एकदम शेपाऊणशे निघाली एवढंच. बाया नाहीत, उष्णता नाही."

"मरनार नाय ना?"

"आठदहा दिवसांत आपोआप जातील. रोज साध्या साबणाने अंघोळ करायची. पिळायचं नाही, तेल लावायचं नाही. सैल सुती कपडे, स्वतःचा वेगळा टॉवेल. गरम पाण्यात फडकं बुडवून दिवसातनं तीनदा शेकायचं. कमरेच्या त्या मोठ्या पुळीला मलम देते, अंगात कणकण आहे, तापाची गोळी देते. लाली पसरली किंवा ताप राहिला तर लगेच दवाखान्यात. आणि सोमवारी उपाशीपोटी या, साखर बघू. साखर असली की हे असलं लवकर बरं होत नाही."

मी हे सहज बोलून गेले. काका मात्र एकदम ताठ झाले.

"मोठ्या बाईंना साखर हाय," ते म्हणाले.

मोठ्या बाई म्हणजे शेठच्या आई, आनंदीबाई. मागच्या वर्षी त्यांच्या नडगीला साधं खरचटलं होतं, ते भरायला तीन महिने लागले, पट्ट्या मीच केल्या होत्या. फार्महाऊसवर आल्या की त्यांचा पहिला कार्यक्रम ठरलेला. साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन, गरम पाण्यात पाय सोडून तासभर बसायचं.

"पानी तसंच हाय," काका म्हणाले. "सोडलंच नाय. शेठ बोलले, आमीच येऊन चालू करतो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी फोन काढला. म्हटलं, मी शेठना सांगते, पाणी खराब आहे, वापरू नका. तुमचं नाव घेत नाही.

काकांनी माझा हात धरला. "त्ये इचारतील, डॉक्टर, तुमाला कसं कळलं. तू काय सांगनार? फोन नको. बाया बाया म्हनून त्यांना उद्यापातुर कळायचं नाय. मी आताच जातो, बूच काढतो, घासतो, नवीन पानी, पुरी पावडर. कुनाला काय कळनार?"

अकरा वर्षांची नोकरी आणि अकरा वर्षांचा रुबाब. गावभर लोकांना सह्या करायला लावल्या, आता गाव काय म्हणेल. मला ते दिसत होतं, म्हणून मीही त्या लबाडीला मान डोलावली. म्हटलं, चला, सोडते.

काकी चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा अंगात देवी आलेले काका माझ्या स्कूटरवर मागे बसलेले होते. केसांत पाला, कमरेला लुंगी. भागूबाई पाल्याचा भारा घेऊन येत होती, ती जागीच थांबली.

"अगं सोनू, बाया चालल्या!"

पुढे मी आणि काका, मागे काकी, भागूबाई आणि आळीतल्या चारपाच जणी, कुणाच्या हातात लिंब, कुणाच्या हातात तांब्या, अशी आमची वरात फार्महाऊसच्या गेटला पोचली. काकांनी उतरता उतरता मागे बघून, सवयीने, "वहीत नाव लिवल्याबिगर आत यायचं नाय" म्हटलं. बायका बाहेर थांबल्या. मला मात्र वही न भरता आत जाता आलं, ते त्या एकाच दिवशी.

आत शेठची गाडी उभी होती.

शनिवारच्या गर्दीत अडकायला नको म्हणून मायलेक शुक्रवारीच आले होते. हौदाचा हीटर लागला होता, पाण्यावर वाफ होती. आनंदीबाई कठड्यावर बसल्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत घेतलेली, आणि उजवा पाय, तोच नडगीचा, पाण्यावर धरून आत सोडायच्या बेतात.

"बाई, पाय वर घ्या!"

एवढ्या जोरात काका कधी ओरडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आनंदीबाईंनी पाय वर घेतला. हर्षदशेठ धावत आले आणि काकांना बघून चार पावलं मागे गेले.

"चांगोकाका, तुम्हाला कांजण्या आहेत ना? लांब व्हा आधी!"

शेठनी पळवाटेचं दारच उघडून दिलं होतं. काकांनी 'हो' म्हटलं असतं, पाण्यात किडा दिसला म्हटलं असतं, तरी चाललं असतं. मीही तोंड उघडलं होतं, काहीतरी शास्त्रीय थाप माझ्या जिभेवर होती. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. गेटाच्या गजांना सात बायकांची तोंडं टेकलेली, हे त्यांना पाठीमागून कळत असणारच.

"कांजन्या नाय, शेठ. मला ह्या पान्यानं झालंय. मंगलवारी मी ह्यात बसलो व्हतो. अंघोळ न करता. चाय घेऊन."

गेटकडून कुणाचातरी तांब्या पडल्याचा आवाज आला.

"आनि पावडर मी पावच टाकत व्हतो. लय दिस झाले. वाल करपतो म्हनून."

शेठ त्यांच्याकडे बघत राहिले. मग भिंतीच्या भोकाकडे बघितलं, नळीकडे बघितलं, भिंतीवरून डोकावणार्‍या त्या तरारलेल्या वालाकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "उद्या लहान मुलं उतरणार होती यात, काका."

"म्हनून तर आलो," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर माझेही आले. लुंगीवर, केसांत पाला घेऊन उभा असलेला माणूस आपल्याला रडवेल असं वाटत नाही.

आनंदीबाईंनी साडी खाली केली. नडगीवरचा जुना व्रण एकदा चाचपला. मग म्हणाल्या, "चांगो, तुझी कंबर दुखत होती ना दिवाळीत?"

"व्हय बाई."

"बरं वाटलं का बसून?"

काकांनी शेठकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लय बरं वाटलं, बाई," ते म्हणाले.

आनंदीबाई हसायला लागल्या, मग गेटकडून काकींचं हसू ऐकू आलं, आणि मग भागूबाईचा आवाज, "चांगो, माजा नारल परत दे रं!"

त्या संध्याकाळी काकांनी नळी काढून बाजूला टाकली आणि हौदाचं बूच काढून सगळं पाणी ओढ्याला सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाणी वाया घालवलं, आणि ते बघवेना म्हणून तोंड फिरवून उभे राहिले. मी शेठना सांगितलं की हौद नीट घासून, पूर्ण पावडर टाकून, मगच उद्या पोरांना सोडा. काकांना सांगितलं की पाणी टाकीत दोनतीन दिवस उन्हात उघडं ठेवलं की पावडरीचा वास उडून जातो, मग वालाला चालतं. त्यांनी डोक्याला हात लावला. हे त्यांना गेल्या वर्षीच विचारता आलं असतं, पण मॅनेजर विचारत नाही.

नोकरी राहिली. पण पावडरीचं काम शेठनी काढून घेतलं आणि खालापूरच्या एका माणसाला दिलं, तो दर आठवड्याला मोटरसायकलवर येतो. एवढंच काकांच्या मनाला लागलं. पुळ्या नवव्या दिवशी गेल्या, हे मात्र गेलं नाही. आता तो माणूस पाणी तपासायची कागदी पट्टी बुडवतो, तेव्हा काका त्याच्या खांद्यावरून वाकून रंग बघतात आणि म्हणतात, "अजून टाक. पावानं काय हुतंय?" सोमवारी त्यांची साखर तपासली, ती ठीक निघाली. भागूबाई अजून म्हणते की बाया आल्याच होत्या, पण स्कूटरवर बसवल्याने रागावून गेल्या. मी वाद घालत नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काकींनी मला पोपटीला बोलावलं. आनंदीबाईंच्या हट्टाने यंदा ती फार्महाऊसच्या अंगणात होती आणि आळीतल्या सगळ्या बायकांना आमंत्रण होतं. मी पोचले तेव्हा आतून भाजलेल्या वालाचा वास येत होता. गेटवर काका इस्त्रीच्या शर्टात उभे, पुढ्यात वही. पोपटी असो नाहीतर काही असो.

मी नाव लिहिलं. 'कुठून आले' मध्ये निमूटपणे नेरळ लिहिलं. काका मागच्या माणसाकडे वळले तेवढ्यात मी पानं मागे उलटली, जानेवारीपर्यंत. त्या मंगळवारी कुणीच आलं नव्हतं, पान कोरं असायला हवं होतं.

कोरं नव्हतं. वेगळ्या शाईने, मागाहून लिहिलेली एकच ओळ होती. नावाच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. काम, 'कंबर शेकणे'. आत, सहा दहा. बाहेर, सहा पस्तीस. 'कुठून आले' या रकान्यात आधी 'पोशीर' लिहून खोडलेलं, आणि शेजारी जपून, वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'इथलाच'.

पुढे सही होती.

"नम्रता," काका म्हणाले, "सही राह्यली तुजी."

मी पान पुढे उलटलं आणि सही केली.